नळीतली हवा

खोली दाखवायच्या आधीच अप्पांनी आम्हाला विचारलं, "तुमी दोघं भांडता काय?"

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे सोलापूरच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागले होते आणि मी नाशिककडून ट्रंक, वळकटी आणि चार भांडी घेऊन बिऱ्हाड मांडायला आले होते. बाहेर टांगेवाला घाई करत होता. घरमालकाला काय ऐकायचं असेल ते उघडच होतं, म्हणून हे चटकन म्हणाले, "छे छे! आमचा काही आवाज व्हायचा नाही."

अप्पांचा चेहरा पडला. "मग काय उपेग," ते म्हणाले आणि किल्ली पुन्हा कडोसरीला लावू लागले.

उन्हात टांग्याचं घोडं पाय आपटत होतं. दुसरी खोली कुठे शोधायची या भीतीने मी पदराआडून म्हणाले, "तसं कधीकधी भांडतो आम्ही."

"हां!" अप्पा एकदम खुलले. "मग या की आत."

भवानी पेठेतल्या त्या घरात आम्ही पुढे बरीच वर्षं राहिलो. पण त्या पहिल्या दिवशी मी जशी बुचकळ्यात पडले, तशीच जवळजवळ शेवटपर्यंत राहिले. अप्पा म्हणजे नेमके काय होते, खुळे की फार खोल, हे मला तिथे असताना ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

त्यांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, म्होरक्या, वेसणी, गोण्या, ताडपत्र्या. वडलांपासून चालत आलेलं, चांगलं चालणारं. पण दुकानात बसून अप्पा विकण्यापेक्षा विचारातच जास्त पडत. गिऱ्हाईक वेसण मागायला आलं की ती हातात धरून बसायचे. "पाटील, एवढ्या मोठ्या बैलाचं एवढ्याशा दोरीपुढं काय चालत न्हाय, ते का हो?" पाटील म्हणायचा, "नाक दुखतंय म्हून." त्यावर अप्पा, "दुखतंय तर मग त्यो आपल्यालाच का मारत न्हाय?" पाटलाला घरी जायची घाई असायची. तो वेसण त्यांच्या हातातून काढून घ्यायचा, पैसे ठेवायचा आणि जायचा. अप्पा मागून म्हणायचे, "मला काय उमगंना बगा."

हे त्यांचं पालुपद होतं. दुसरी माणसं जे लाजून बोलतात, ते अप्पा पोटभर जेवल्यासारखं समाधानाने बोलायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी नवी छत्री आणली आणि आठवडाभर ती अंगणात उघडून टांगून ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "उनाची सवय व्हाया नगं व्हय तिला?" मी हसले. ते हसले नाहीत. त्यामुळे मलाच वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकतंय.

त्यांच्या बायकोला सगळी पेठ अक्का म्हणायची. उंच, हाडापेराने मोठी, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज खणखणीत. म्हशीशी कानडीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. आणि अप्पांशी बोलायच्याच नाहीत.

हे माझ्या लक्षात यायला काही दिवस लागले, कारण घरात बोलणं तर चालू असायचं. अक्का भाकरी भाजता भाजता अंगणातल्या म्हशीकडे तोंड करून म्हणायच्या, "भाकरी झालीया म्हनावं." मग ओसरीवरचे अप्पाही म्हशीला सांगायचे, "आलोच म्हनावं." म्हैस रवंथ करत दोघांकडे बघायची. आम्ही राहायला आल्यावर म्हशीचं हे काम माझ्याकडे आलं. "मास्तरीणबाई, त्यांना सांगा, कडबा संपलाय." "मास्तरीणबाई, तिला सांगा, सांच्याला आनतो." दोघं चार हातांवर असायची आणि मी मधे उभी राहून एकाचं वाक्य दुसऱ्याला ऐकवायचे.

राग म्हणावा तर तोही नव्हता. अप्पांना खोकला झाला की अक्का आधी काढा उकळायला ठेवायच्या. अक्कांचा पाय मुरगळला तेव्हा अप्पा दुकान सोडून दोन दिवस ओसरीवर बसून होते. शेजारपाजारी कारणं सांगायचे, पण एकाचं कारण दुसऱ्याच्या कारणाला खोडून काढायचं. कुणी म्हणे दत्तक घ्यायच्या गोष्टीवरून बिनसलं, कुणी म्हणे अप्पा एकदा न सांगता महिनाभर मुंबईला जाऊन राहिले. शेवटी एका दुपारी शेंगा फोडताना मी धीर करून अक्कांनाच विचारलं, "तुमचं भांडण कशावरून झालं होतं?"

"भांडान कुटं झालं?" अक्का म्हणाल्या. "भांडान झालं असतं तर मिटलं नसतं व्हय?"

अप्पांना मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊनच एकदा सांगितलं. "एका सकाळी ती बोलायची थांबली. मला वाटलं, घसा धरला असंल. म्हून मी बी गप ऱ्हायलो, तिला तरास नगं. मग काय झालं, मला उमगंना बगा."

मलाही उमगलं नाही.

मोटार आली ती या सगळ्यात. बदली झालेल्या एका साहेबाकडून अप्पांनी ती घेतली. हिरवी, कापडी टपाची, अंगणात उभी केली की म्हशीला फिरायला जागा उरायची नाही अशी. घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर होतं, तरी अप्पा मोटारीनेच जायचे. पेठेतल्या एका मिस्त्रीने त्यांना चालवायला शिकवलं होतं. चालते कशी हे त्यांनी लगेच मान्य केलं. थांबते कशी, इथे मात्र ते अडकले.

"बैल थांबतो, कारन त्याला बी थांबायचं असतंय," ते ह्यांना म्हणाले. "ही का थांबावी?"

ह्यांनी सांगितलं की या नव्या तऱ्हेच्या मोटारीत पायाखालच्या पेडलपासून चारी चाकांपर्यंत बारीक नळ्या असतात, त्यांत तेल असतं. पेडल दाबलं की तेल पुढे ढकललं जातं आणि चाकं धरली जातात. अप्पांनी मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी मोटार थांबली नाही. उतारावर अप्पांनी पेडल दाबलं, ते सरळ खाली फळीला टेकलं आणि मोटार समोर सोडून ठेवलेल्या कडब्याच्या गाडीत घुसली. नशिबाने कुणाला लागलं नाही. बैल बाजूला बांधलेले होते, ते खातच राहिले. लोक धावले, तर अप्पा पटक्यावर कडबा घेऊन शांत बसलेले. गाडीवान शिव्या देत होता आणि अप्पा त्यालाच विचारत होते, "थांबली न्हाय. का थांबली नसंल ओ?"

मिस्त्रीने मोटारीखाली जाऊन पाहिलं. एक नळी सांगाड्याला घासून फाटली होती, बाकीच्याही गंजत आल्या होत्या. त्याने मुंबईहून नव्या तांब्याच्या नळ्या आणि ब्रेकच्या तेलाचा डबा मागवला. सगळ्या नळ्या बदलल्या. ते चालू असताना अप्पा त्याच्या शेजारीच मोटारीखाली पाठीवर पडून असायचे. डबा उघडला तेव्हा अप्पांनी तेलात बोट बुडवलं, वास घेतला आणि जिभेला लावलं.

"आरं, हे तर एरंडेल हाय की!"

"एरंडेलच है अप्पा, उसमें स्पिरिट मिलाया है," मिस्त्री म्हणाला.

"म्हंजे मोटारीला जुलाब द्यायचा व्हय?"

तेव्हा स्वयंपाकघरातून कुणीतरी फिसकन हसल्याचा आवाज आला. आत अक्कांशिवाय कुणी नव्हतं. अप्पांनी तिकडे पाहिलं. मग बराच वेळ काहीच विचारलं नाही.

नळ्या बसल्या, तेल भरलं, आणि तरीही पेडल दाबलं की ओल्या कापसात पाय घातल्यासारखं खाली जायचं. मिस्त्रीला याचं नवल नव्हतं.

"नळी में हवा बैठी है अप्पा. निकालना पडता."

"हवा? कुटं हाय? दाखीव."

"दिखती नै ना वो."

"दिसत न्हाय, तर हाय कशावरनं?"

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. मग ह्यांनी सायकलचा पंप आणला. पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबायला लावला, तो स्प्रिंगसारखा मागे आला. मग पंपात पाणी भरून तसंच करायला लावलं, दांडा हलेना. हवा दबते, पाणी आणि तेल दबत नाही, म्हणून नळीत थोडी जरी हवा राहिली तरी पायाचा सगळा जोर तिलाच दाबण्यात जातो, चाकापर्यंत पोचतच नाही, असं त्यांनी समजावलं. अप्पा तो सबंध रविवार पंप घेऊन बसले होते. संध्याकाळी म्हणाले, "मास्तर, हवा दबती त्ये बरूबर. पर पानी का दबत न्हाय?"

ह्यांनी कणांचं काहीतरी सांगितलं.

"मग कनाला काय हुतंय दबाया?"

ह्यांनी पंप हातात घेऊन उगाच उलटसुलट केला. मग म्हणाले, "अप्पा, खरं सांगू का, इथून पुढचं माझ्याही नीट ध्यानात येत नाही."

"हां!" अप्पांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता कसं!" त्या दिवसापासून त्या दोघांची जी दोस्ती जमली ती मला कधी समजली नाही.

हवा काढायचं काम सोपं होतं, पण त्याला दोन माणसं लागायची. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा बारका नट पान्याने सैल करायचा. त्या नटाला रबरी नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. नट सैल झाला की पेडल खाली जातं आणि नळीतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. मग आधी नट आवळायचा आणि नंतरच पेडलवरचा पाय काढायचा. पाय आधी काढला तर गेलेली हवा परत आत ओढली जाते. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आणि पेडलखालच्या भांड्यातलं तेल संपू द्यायचं नाही. मिस्त्रीने हे आम्हा सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं.

मग तो चाकापाशी बसला आणि अप्पा पेडलवर. मिस्त्रीने नट सैल केला, बुडबुडा आला, आणि अप्पा पेडल सोडून, उतरून, तो बुडबुडा बघायला धावत आले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी मिस्त्रीने पाना जमिनीवर टाकला.

"मेरे से नै होता अप्पा! पेडलपर का आदमीच बुडबुडा देखने आता! तुम्हीच काढा ती हवा, मी जातो." आणि टोपी झटकून गेला.

मोटार तशीच अंगणात उभी राहिली. अप्पा दुकानाला चालत जाऊ लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुळजापूरहून एक माणूस निरोप घेऊन आला. अक्कांची थोरली बहीण तापाने फणफणलीय, तुझी आठवण काढतेय, येऊन जा. आई गेल्यापासून त्या बहिणीनेच अक्कांना वाढवलं होतं. अक्का चुलीपुढे बसून राहिल्या, भाकरी करपली तरी हलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, तुळजापूरला जायाचंय."

मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "तिला सांगा, मोटार थांबत न्हाय. येताना घाट उतराया लागंल. सर्व्हिसच्या मोटारीनं जाऊ."

मी परत गेले. अक्कांनी मान हलवली. "लोकांत बसून जायाचं. रडाया आलं तर कुटं रडू?"

हे वाक्य मी अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. अप्पा उठले. धोतर वर खोचून मोटारीपाशी गेले, पाना उचलला आणि अंगणातूनच म्हणाले, "मास्तरीणबाई, हिकडं या."

हे शाळेत होते, परीक्षा चालू होत्या. मिस्त्रीकडे माणूस पाठवला, तो गुलबर्ग्याला गेला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत, तेही चालवणाऱ्याच्या जागी बसले, पण माझा पाय नीट पोचेना. टोकावर सरकून दाबलं तर जोर पुरेना. अप्पा चाकामागून ओरडायचे, "दाबा की!" आणि मी म्हणायचे, "दाबतेय हो!"

तेवढ्यात अक्का पदर खोचून बाहेर आल्या. मला दंडाला धरून उतरवलं आणि स्वतः चढून बसल्या. "त्यांना इचारा, कुटलं दाबायचं."

मी पेडल दाखवलं. खालची फळी काढलेली होती. तेलाचं भांडं तिथेच होतं, ते भरत राहायचं काम माझं. म्हणजे मी अक्कांच्या पायाशी वाकलेली आणि अप्पा मागच्या चाकाआड जमिनीवर आडवे. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

"मास्तरीणबाई, दाबा म्हनावं."

"अक्का, दाबा."

"दाबलंय म्हनावं."

"अप्पा, दाबलंय."

अप्पांनी नट सैल केला. पेडल खाली गेलं, ते अक्कांनी पार खालपर्यंत जाऊ दिलं. "धरून ठेव म्हनावं," अप्पा म्हणाले. ते मी अक्कांना सांगेपर्यंत अक्कांनी पाय काढला होता. बाटलीत गुडगुडलं आणि आलेली हवा परत आत गेली. दुसऱ्या वेळी अप्पा "आवळलं" म्हणाले की "आवळतो" म्हणाले ते मला कळलं नाही आणि मी "सोडा" म्हणून बसले. तिसऱ्या वेळी मीच तेल ओतायला विसरले. माझ्या कानांत दोन्हीकडचे शब्द येत होते आणि तोंडातून भलतेच निघत होते. ऊन तापलं होतं. तुळजापूरला काय झालं असेल हे कुणीच बोलत नव्हतं. मला रडू यायला लागलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा नट सैल झाला, पेडल खाली गेलं. आणि चाकामागून अप्पांचा आवाज आला, मोठा, घाबरलेला.

"सोडू नको गं!"

त्या अंगणात असा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. मी वर अक्कांकडे पाहिलं. त्यांचा पाय पेडलवर घट्ट होता, बोटं पांढरी पडली होती. त्या हळूच म्हणाल्या, "न्हाय सोडत."

"काय म्हनली?" अप्पांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या खांद्यावर हात दाबून मला गप्प केलं आणि मान बाहेर काढून ओरडल्या, "न्हाय सोडत म्हनलं!"

मग नट आवळल्याची किरकिर आली.

"सोड आता."

"सोडलं."

"दाब."

"दाबलं."

"धर हं."

"धरलंय की!"

मला काही काम उरलं नाही. मी भांड्यात तेल ओतत राहिले. एक चाक झालं, अप्पा दुसऱ्यापाशी गेले. या चारदोन शब्दांपलीकडे त्यांनी फारसं काही उच्चारलं नाही. पण ते शब्द असे लागोपाठ, असे सवयीचे येऊ लागले की डोळे मिटले असते तर जन्मभर बोलत आलेलं जोडपं वाटलं असतं. मधेच अप्पा ओरडले, "आला! लई मोठा आला!"

"नट आवळलाय न्हवं? मग मला बी बघू द्या," असं म्हणून अक्का उतरल्या. दोघं बाटलीवर वाकली. तेलात मुगाएवढा बुडबुडा काचेला चिकटून हळूहळू वर सरकत होता.

"एवढ्यानं मोटार थांबंना व्हय?" अक्का बाटलीकडे बघत म्हणाल्या.

"व्हय," अप्पा म्हणाले. "एवढ्यानंच."

दोघं तो फुटेपर्यंत बघत राहिली.

दिवस कलायच्या आत पेडल दगडासारखं घट्ट झालं. अप्पांनी अंगणातच मोटार पुढे-मागे करून बघितली. ती थांबत होती. अक्कांनी हातपाय धुतले आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "मास्तरीणबाई, त्यांना सांगा, भाकरी झालीया."

मी ओसरीवर थिजल्यासारखी उभी राहिले. अप्पा माझ्याकडे पाहून नेहमीसारखंच म्हणाले, "आलोच म्हनावं."

मला वाटलं, दुपारी ऊन लागून मलाच काहीतरी भास झाला की काय.

सकाळी निघालो. अक्कांनी मला बरोबर घेतलं, कशाला ते सांगितलं नाही. मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसून त्या वाटभर तोंडात पदर घालून रडल्या. अप्पा पुढे ताठ बसून चालवत होते, त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. निजामाची हद्द लागली त्या मोगलाईच्या नाक्यावर शिपायाने काहीबाही विचारलं, त्यालाही त्यांनी उलट काही विचारलं नाही, इतके गप्प. घाट चढून तुळजापुरात शिरलो तेव्हा अक्कांनी माझा हात इतका आवळला होता की बांगडी रुतली.

बहीण भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवशीच ताप उतरला होता. अगदी चिपाड झाली होती, पण पेज पीत होती. अक्कांना बघून तिने वाटी खाली ठेवली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. अक्का दारातच बसल्या. रडल्या नाहीत, हसल्या नाहीत. मग उठून फणी मागितली आणि बहिणीच्या तापाने गुंतलेल्या केसांचा गुंता काढत बसल्या, दुपारपर्यंत. निघताना बहिणीने अप्पांना जवळ बोलावून काही सांगितलं, तेही कानडीत. अप्पांना कानडी समजायची, मला येत नव्हती. अप्पा नुसते पायांकडे बघत होते.

उतारावर, घाटाच्या मधोमध, अक्कांनी पुढे वाकून अप्पांच्या खांद्याला हात लावला.

"थांबवा."

अप्पांनी पेडल दाबलं. मोटार थांबली, कड्याच्या बाजूला, नाक खाली करून. अप्पांना क्षणभर त्याचंच नवल वाटलेलं दिसलं. तोवर अक्का उतरून कडेच्या दगडी कठड्यापाशी गेल्या होत्या. हाताचा ब्रेक नुसता नावाला होता. अप्पा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, म्होरं या, हे धरा. पाय काढू नका बरं का." मी सीटच्या टोकावर सरकून, समोरचं चालवायचं चाक कवटाळून, दोन्ही पायांनी पेडल दाबलं. त्यांनी उतरून पुढच्या चाकांना दगड लावले आणि ते अक्कांपाशी गेले.

मग अक्का बोलू लागल्या. कानडीत. आधी हळू, मग मोठ्याने, मग पुन्हा हळू. मी आयुष्यात कुणाला इतका वेळ एकटं बोलताना ऐकलं नाही. मधे त्यांनी एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला, एकदा दूर खाली मैदानाकडे बोट दाखवलं, एकदा हसल्या. अप्पा हात मागे बांधून समोर उभे होते. त्यांनी 'का' म्हटलं नाही. वाऱ्याने त्यांच्या पटक्याचा शेमला उडत होता तोही त्यांनी सावरला नाही.

एक बैलगाडी वर चढत आली. गाडीवानाने मला असं चाकाला लोंबकळलेलं बघितलं. "काय झालं बाई? मोटार बंद पडली?"

"नाही," मी म्हणाले. "थांबवलीय."

तो त्या दोघांकडे, मग माझ्याकडे बघत गेला. माझ्या पोटऱ्यांना कापरं भरलं होतं. दगड लावलेले होते, पाय काढला असता तरी बहुधा काही झालं नसतं. मी काढला नाही.

परत येताना अक्का पुढे बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला स्वयंपाकघरातून हाक आली, "जेवाया या." मी उठले, तर हाक मला नव्हतीच.

त्यानंतर ती दोघं बोलत. फार नाही, कामापुरतं, कधी जरा जास्त. पेठेतल्या बायका मला खोदून विचारायच्या, काय झालं, कसं झालं. मोटारीच्या नळ्या बदलल्या, असं मी सांगायचे. त्यांना वाटायचं मी लपवतेय. मी काही लपवत नव्हते, मला एवढंच माहीत होतं.

ह्यांना दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि आम्ही सोलापूर सोडायला निघालो. सामान टांग्यात चढत होतं. अप्पा ओसरीवर बसले होते. आता परत भेट होते न होते, म्हणून मी त्यांच्यापाशी गेले आणि इतकी वर्षं ओठांवर आलेलं विचारलं. "अप्पा, त्या दिवशी घाटात अक्का काय बोलल्या हो?"

अप्पांनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. आत अक्का कुणाला तरी ताक घालत होत्या, त्यांचा खणखणीत आवाज बाहेर येत होता.

"लई बोलली," ते म्हणाले. "पर काय बोलली, त्ये ध्यानात न्हाय बगा."

"असं कसं? तुम्ही तर समोर उभे होता."

"हुतो की. ऐकत बी हुतो." अप्पा माझ्याकडे बघून लाजल्यासारखे हसले. "नुसता आवाजच ऐकत ऱ्हायलो."